‘करते’ आणि ‘करू शकते’ : एका पत्रकाच्या भाषेची चिकित्सा

घाटकोपरच्या बाजारात मिळालेले एक छापील मराठी पत्रक पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने आमच्यापुढे ठेवले. भांगेच्या झाडातील ‘कॅनाबिजेरॉल’ ह्या अल्पपरिचित द्रव्याचे गुण त्यात वर्णिले होते. हे द्रव्य चिंता दूर करते, स्मरणशक्ती वाढवते, आतड्याची सूज घालवते आणि जंतूंचा नाश करते, अशी चार विधाने त्यात होती. ती वाचून विद्यार्थ्याच्या मावशींनी डॉक्टरांनी दिलेले चिंतेवरील औषध बंद करण्याचे मनात आणले होते. तेव्हा ह्या पत्रकाची चिकित्सा हा केवळ व्याकरणाचा विषय राहत नाही. प्रस्तुत लेखक रसायनशास्त्रज्ञ नव्हे. परंतु विधान आणि त्याचा आधार ह्यांचे नाते क्रियापदाने कसे जोडले आहे, हे पाहणे भाषाभ्यासकाच्या अधिकारातले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गाओनी व मेशुलाम ह्या इस्रायली संशोधकांनी १९६४ साली हे द्रव्य वेगळे केले. त्याच वर्षी त्यांनी गांजाच्या नशेस कारण होणाऱ्या टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलची रचनाही निश्चित केली. कॅनाबिजेरॉलने मात्र तशी नशा चढत नाही. त्याचे आम्लरूप वनस्पतीत आधी तयार होते आणि त्यापासूनच इतर प्रमुख द्रव्यांची आम्लरूपे घडतात. म्हणून पक्व झाडात ते बहुधा एक टक्क्याहूनही कमी उरते.

आता आधार पाहू. आतड्याच्या सुजेविषयी २०१३ साली प्रसिद्ध झालेले इटलीतील प्रयोग उंदरांवरचे होते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंविषयीचे, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे २०२० सालचे संशोधन काचपात्रात व उंदरांवर झाले. चिंता व स्मरण ह्यांविषयी माणसांवर झालेली चाचणी २०२४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. तीत ३४ निरोगी प्रौढ होते व ते सर्व आधीपासून गांजा सेवन करणारे होते. त्यांना एकदा २० मिलिग्रॅम कॅनाबिजेरॉल आणि एकदा केवळ दिसण्यात तसाच द्रव देण्यात आला. कोणत्या वेळी काय दिले हे त्यांना ठाऊक नव्हते. द्रव्य घेतल्यावर त्यांची चिंता कमी झाल्याचे आणि ऐकवलेल्या यादीतील अधिक शब्द त्यांना आठवल्याचे आढळले. हा एका मात्रेचा, थोड्या वेळापुरता पाहिलेला परिणाम होय. निष्कर्षांची पुन्हा पडताळणी व्हावयास हवी, असे संशोधकांचेही म्हणणे आहे.

ह्या आधारांवर पत्रकातील क्रियापदे तोलून पाहावीत. ‘कमी झाल्याचे आढळले’ हे एका घटनेचे कथन आहे. ‘कमी होऊ शकते’ ही शक्यता आहे. ‘दूर करते’ हा मात्र नियम आहे. मराठीत साधा वर्तमानकाळ त्रिकालाबाधित सत्य सांगण्यासाठीही वापरतात. सूर्य पूर्वेस उगवतो, तसे हे द्रव्य चिंता दूर करते, असा अर्थ वाचकाच्या मनात उतरतो. त्याहून सूक्ष्म लोप षष्ठीचा आहे. ‘आतड्याची सूज घालवते’. पण कोणाच्या आतड्याची? मूळ वाक्यातला उंदीर गळाला आणि त्या रिकाम्या जागी वाचकाने स्वतःस बसवले. पत्रकाने असत्य शब्द क्वचितच लिहिला आहे. जे शब्द गाळले, त्यांतच त्याचे असत्य आहे.

नावांचीही तीच कथा. पत्रकात ‘गांजा’ हा शब्द कोठेच नाही. ‘हेम्प’ आणि ‘विजया’ आहेत. भांग ह्या शब्दावर लोकमताचा शिक्का आहे. ‘तुळशीत भांग’ हा वाक्प्रचारच त्याची साक्ष देतो. संस्कृत नावाने तो शिक्का पुसला जातो आणि आयुर्वेदाची प्रतिष्ठा लाभते. इंग्रजी ‘हेम्प’ तर इतका सैल आहे की, आपल्या अंबाडीस ‘डेक्कन हेम्प’ व तागास ‘सन हेम्प’ म्हणत आले आहेत, आणि ह्या दोहोंचा भांगेशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. उलट कायद्यास असा सैलपणा परवडत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमात फुलोऱ्याचे शेंडे ‘गांजा’ ठरतात. शेंड्यांची जोड नसलेली पाने व बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. जेथे शिक्षेचा प्रश्न येतो तेथे शब्द काटेकोर आणि जेथे विक्रीचा येतो तेथे सैल, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

एक आक्षेप संभवतो. असा काटेकोरपणा धरला तर पीडितांची आशा आपण हिरावून घेत नाही काय? आमच्या मते नाही. कॅनाबिजेरॉलविषयीची जिज्ञासा रास्त आहे, आणि उद्या मोठ्या चाचण्यांतून त्याचे काही गुण सिद्धही होतील. परंतु आशा ‘शकते’ ह्या पदातही मावते. ‘करते’ म्हटल्याने ती वाढत नाही, रुग्णाची सावधगिरी तेवढी जाते. मावशींनी डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि औषध चालू ठेवले. प्रत्येक घरात भाषाशास्त्राचा विद्यार्थी असतोच असे नाही.

पत्रकातील पहिले वाक्य वस्तुतः असे हवे होते : ‘गांजा सेवन करणाऱ्या ३४ निरोगी प्रौढांच्या एका चाचणीत, कॅनाबिजेरॉलच्या एका मात्रेनंतर त्यांची चिंता काही काळ कमी झाल्याचे आढळले, चिंताविकाराच्या रुग्णांविषयी ह्या चाचणीवरून काही सांगता येत नाही.’ वाक्य लांबले खरे; परंतु त्यातील एकही पद अनावश्यक नाही.