चुकण्याचा हक्क

१९ मे २०१५ रोजी व्हिएन्नात युरोव्हिजन गीतस्पर्धेची पहिली उपांत्य फेरी झाली. फिनलंडतर्फे मंचावर आला तो ‘पेर्ती कुरिकान निमिपाइवात’ हा पंक बँड. त्यातले चारही कलावंत बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ पुरुष होते. त्यांचे गाणे १ मिनिट २७ सेकंदांत संपले. स्पर्धेच्या इतिहासातले ते सर्वांत छोटे गाणे. अपंगत्वावर मात केल्याची गाथा त्यात नव्हती. घर आवर, भांडी घास, डॉक्टरकडे जा, हे खाऊ नकोस, अशा दिवसभर कानावर आदळणाऱ्या हुकमांचा वैताग त्यात होता. फिनलंडच्या प्रेक्षकांनी मते देऊन त्यांना तिथवर पाठवले होते. युरोपने फारशी मते दिली नाहीत आणि बँड त्या फेरीत शेवटचा आला.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या कलावंताला सर्वांत सहज मिळतात त्या टाळ्या. गाणे सुरू होण्याआधी टाळ्या, ते रंगले तरी टाळ्या, फसले तरी तेवढ्याच टाळ्या. अशा टाळ्यांमधून आपण काय केले हे कलावंताला कधीच कळत नाही. व्हिएन्नात या चौघांना बाकीच्या देशांच्या रांगेत उभे करून मोजले गेले. गेल्या सहा-सात दशकांत अशा माणसांसाठी संगीताची दारे उघडण्याचे जे प्रयत्न झाले, ते तपासताना मी हाच प्रश्न विचारणार आहे: वाजवणाऱ्याला निवडण्याची, चुकण्याची आणि नापसंत होण्याची मुभा कुठे मिळाली?

सुरुवात उपचारातून झाली. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि इंग्लंडमधले विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका विशेष शाळेत एकत्र काम सुरू केले. मूल ढोलावर वेडेवाकडे हात मारे, किंचाळे, एका जागी डोलत राही. नॉर्डॉफ पियानोवर बसून त्या मुलाचीच लय उचलत आणि तिच्याभोवती संगीत रचत. आपल्याकडे चांगला तबलजी गवयाची लय ओळखून साथ करतो, ती वृत्ती इथे होती. ज्या आवाजाला तोवर सगळे ‘गोंगाट’ म्हणत, त्याला कोणीतरी संगीतातले विधान मानले. हे मोठेच पाऊल होते, आणि नॉर्डॉफ-रॉबिन्स पद्धत आजही अनेक देशांत शिकवली जाते. मात्र उपचाराची मोजपट्टी वेगळी असते. मूल नजरेला नजर देते का, जास्त वेळ एका जागी बसते का, शब्द फुटले का, हे तिथे पाहिले जाते. ते पाहिले जायलाच हवे. पण संगीताकडे औषध म्हणूनच पाहिले, की औषध घेणारा कायम रुग्ण राहतो. त्याला काय वाजवावेसे वाटते हा प्रश्न मागे पडतो.

दुसरे दार तंत्रज्ञानाने उघडले. बीबीसीच्या १९७९च्या ‘लाइफ ऑन अर्थ’ या मालिकेचे संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी पुढच्या दशकात ‘साउंडबीम’ तयार केले. त्यातून अश्राव्य ध्वनिलहरींचा झोत निघतो आणि त्यात हात, डोके किंवा नुसते बोट हलले तरी स्वर उमटतो. मूळ कल्पना नर्तकांसाठी होती. तिचा खरा उपयोग विशेष शाळांमध्ये झाला, कारण ज्या मुलाला काठीही धरता येत नाही तेही आता वाजवू शकत होते. त्यानंतर एडिंबरामधून ‘स्कूग’ आले. हा एक मऊ ठोकळा. दाबा, पिळा, थोपटा, तो वाजतो. ‘क्लॅरियन’ या संगणकीय वाद्यावर तर नजर फिरवूनही वाजवता येते. बौद्धिक अक्षमतेच्या जोडीला शारीरिक अडचणी असलेल्यांसाठी या साधनांनी जे केले ते शंभर वर्षांच्या सदिच्छेने झाले नसते.

तरीही माझा मोठा आक्षेप इथेच आहे. अशी वाद्ये अनेकदा पाच स्वरांच्या सप्तकात लावून दिली जातात, म्हणजे काहीही वाजले तरी गोड लागते. भूपाचे स्वर घ्या: सा, रे, ग, प, ध. कसेही फिरा, कानाला खटकत नाही. पण हेच पाच स्वर देसकाराचेही आहेत. गंधारावर विसावलो तर भूप उभा राहतो, धैवतावर जोर दिला तर देसकार. स्वर सारखेच असताना राग वेगळा होतो तो गाणाऱ्याच्या निवडीमुळे. कुठेही थांबा, काहीही करा, सारखेच छान, अशी व्यवस्था केली की निवडीला अर्थ उरत नाही. ऐकणारा पालक सुखावतो, शाळेच्या अहवालात ‘सर्वांनी सहभाग घेतला’ असे लिहिता येते, आणि वाजवणारा वर्षभरानंतरही तिथेच असतो जिथे पहिल्या दिवशी होता. दोष यंत्राचा नाही. साउंडबीमवर कोणतेही सप्तक लावता येते. ते सोपे ठेवून तिथेच थांबणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याकडून अपेक्षा करणेच सोडलेले असते.

याचे उत्तर हेलसिंकीत सापडते. १९९६ साली कार्लो उसितालो यांच्या कल्पनेतून आणि मार्कू काइकोनेन यांच्या साथीने तिथल्या ‘रेझोनारी’ या संगीतकेंद्रात ‘फिगरनोट्स’ ही स्वरलिपी आकाराला आली. प्रत्येक स्वराला एक रंग आणि प्रत्येक सप्तकाला एक आकार. तेच रंगीत आकार पियानोच्या पट्ट्यांवर किंवा गिटारच्या पडद्यांवर चिकटवलेले. कागदावर लाल गोल दिसला की वाद्यावरचा लाल गोल दाबायचा. स्वर किती वेळ धरायचा तेही चिन्हाच्या लांबीवरून डोळ्यांना दिसते. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेकांची ऐकलेले लक्षात ठेवण्याची क्षमता तोकडी असते आणि पाहिलेले त्या मानाने चांगले लक्षात राहते, त्यामुळे ही लिपी त्यांना जवळची वाटते. पाश्चात्त्य स्वरलिपीतली सगळी मूलभूत माहिती तिच्यात असल्याने पुढे रूढ लिपीकडे जाण्याची वाटही खुली राहते.

फिगरनोट्सचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण हा, की तिच्यात चूक होऊ शकते. लालऐवजी निळा दाबला तर चूक ऐकू येते, आणि म्हणूनच बरोबर वाजवल्याचा आनंद स्वतःचा असतो. रेझोनारीने याच पायावर पायरीपायरीने जाणारे संगीतशिक्षण उभे केले. विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकतात, बँडमध्ये वाजवतात, काही जण व्यावसायिक मंचापर्यंत पोचतात. ही लिपी पुढे स्कॉटलंड, एस्टोनिया, जपान अशा देशांतही गेली. सोय आणि शिस्त यांत भांडण आहे हा समज तिने मोडून काढला.

शिकल्यानंतर प्रश्न येतो निर्मितीचा, आणि इथे उत्तरे निरनिराळी आहेत. लंडनच्या डेप्टफर्ड भागात १९८०च्या दशकापासून काम करणाऱ्या ‘हार्ट एन सोल’ने कलावंताचे नाव पुढे आणण्यावर भर दिला. तिथल्या लिझी एमे हिचा ‘लाउड अँड प्राउड’ हा अल्बम २००९ साली आला. आत्मविश्वासाने गाणारी, स्वतःच्या आयुष्यावर गाणी रचणारी ही गायिका संस्थेच्या माहितीपत्रकातला फोटो होऊन राहिली नाही. हाम्बुर्गमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘स्टेशन १७’ने वेगळी वाट धरली. अक्षमता असलेले आणि नसलेले वादक एकत्र बसून उत्स्फूर्त वादन करतात, त्यातून गाणी घडतात. २०१८च्या त्यांच्या ‘ब्लिक’ या अल्बममध्ये ‘फाउस्ट’सारख्या नामांकित बँडमधले वादक पाहुणे म्हणून आले. ब्वेनोस आयरेसच्या ‘रेनोल्स’मध्ये डाउन सिंड्रोम असलेला ढोलवादक मिगेल तोमासिन हाच बँडच्या कल्पनांचा उगम होता. त्यांचा पहिला अल्बम म्हणजे सीडीची रिकामी डबी होती. प्रयोगशील संगीताचे जाणकार हे काम त्याच कसोट्यांवर वाचतात, ज्यांवर ते इतरांचे वाचतात.

अशा मिश्र गटांत दोन धोके आहेत आणि समीक्षेने ते सांगायला हवेत. एक, अक्षमता नसलेले वादक खालची सगळी वीण इतकी घट्ट विणतात की वरच्या माणसाने काही केले-न केले सारखेच. त्याला मंचावर मध्यभागी उभे करून संगीतात मात्र कडेला ठेवलेले असते. दुसरा धोका विक्षिप्तपणाच्या आकर्षणाचा. काही रसिकांना हे संगीत ‘निरागस’, ‘आदिम’ वाटते म्हणून आवडते. त्यामागे कलावंताने घेतलेले निर्णय त्यांना दिसत नाहीत. दोन्ही धोक्यांवर एकच परीक्षा चालते: हा माणूस ‘नाही, असे नको’ म्हणाला, तर गाणे बदलते का?

मंचाखाली बसलेल्यांचे काय? दक्षिण इंग्लंडमधल्या ‘हेवी लोड’ या पंक बँडला वाजवताना एक गोष्ट सतत खटकत होती. त्यांच्या श्रोत्यांत बौद्धिक अक्षमता असलेले अनेक जण असत, आणि रात्री नऊच्या सुमारास कार्यक्रम ऐन रंगात असताना ते उठून जात. कारण त्यांच्या मदतनिसांची पाळी दहाला संपायची. प्रौढ माणसाची रात्र दुसऱ्याच्या हजेरीपटावर ठरत होती. यातूनच २००६ साली ‘स्टे अप लेट’ ही मोहीम निघाली. पुढे तिने ‘गिग बडीज’ हा उपक्रम सुरू केला. त्यात संगीताची सारखी आवड असलेला स्वयंसेवक आणि अक्षमता असलेली व्यक्ती यांची जोडी जमवतात आणि दोघे मिळून कार्यक्रमांना जातात. या क्षेत्रातल्या सगळ्या शोधांत मला हा सर्वांत साधा आणि सर्वांत दूरवर पोचणारा वाटतो. यात यंत्र नाही, लिपी नाही. उशिरापर्यंत जागण्याचा आणि न आवडलेल्या बँडला नावे ठेवत घरी येण्याचा हक्क आहे.

हा हक्क कायद्यातही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या ३०व्या कलमानुसार अशा व्यक्तींची सर्जनशीलता त्यांच्या स्वतःच्या भल्यासाठी तर फुलावीच, शिवाय समाज समृद्ध व्हावा म्हणूनही फुलावी. म्हणजे गरज दोन्ही बाजूंची मानली आहे. भारताने हा करार २००७ साली स्वीकारला, आणि आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २९व्या कलमात सांस्कृतिक जीवनाची तरतूद आहे.

आपल्याकडे विशेष शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ची, पुण्याची कामायनी १९६४ची. विशेष शाळांमध्ये गाणे-वाजवणे असतेच आणि तिथल्या शिक्षकांचे कष्ट मोठे असतात. पण स्नेहसंमेलनाचा नेहमीचा साचा आठवा. ध्वनिमुद्रित चित्रपटगीत लागते, मुले नाचतात, आणि प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेसमोर बसलेल्या बाई प्रत्येक हालचाल हातांनी करून दाखवतात. गाणे कोणी निवडले, हे विचारले जात नाही. अठरा वर्षांनंतर मुलगा किंवा मुलगी कार्यशाळेत जाते, पणत्या, मेणबत्त्या, फायली बनवू लागते, आणि संगीत बहुधा शाळेतच राहून जाते. चाळिशीतल्या माणसाला बालगीतांवर टाळी वाजवायला लावणे हा त्याच्या वयाचा अपमान आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

खरे तर आपल्याजवळ जी शिदोरी आहे ती युरोपजवळ नाही. आपले संगीत कागदावाचून शिकवले जाते. गुरू म्हणतो, शिष्य म्हणतो, शंभरदा म्हणतो. पुनरावृत्ती ही इथे कमतरतेची खूण नसून शिकण्याची रीतच आहे. भजनी मंडळात टाळ धरणाऱ्याला कोणी प्रवेशपरीक्षा विचारत नाही, आणि तरीही ठेका सुटला तर शेजारचा कोपर मारतो. सर्वांना जागा आणि चुकीला दुरुस्ती, दोन्ही एकाच ठिकाणी. बौद्धिक अक्षमता असलेला प्रौढ गावातल्या भजनात दर आठवड्याला बसतो, तेव्हा तो एखाद्या महागड्या प्रकल्पापेक्षा जास्त काही मिळवत असू शकतो. अशा कलावंताला गांभीर्याने घेता येते, हे मराठी चित्रपटाने आपल्याला एकदा दाखवले आहे. २०१४च्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या अभिनयाची दखल घेतली गेली. मराठी संगीताने अशी दखल घ्यायला हवी.

त्यासाठी पैशांआधी काही सवयी बदलाव्या लागतील. विशेष शाळेच्या संमेलनात निदान एक गाणे मुलांनी निवडलेले आणि प्रत्यक्ष वाजवलेले असावे, भले ते मध्येच थांबो. कार्यशाळांच्या वेळापत्रकात रियाजाचा तास असावा आणि तो शिकवायला खरा संगीतशिक्षक यावा. संगीत परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी वेळेची आणि पद्धतीची सवलत द्यावी, गुणांची नको. संगीत महोत्सवांनी अशा गटांना जागतिक दिव्यांग दिनाच्या कोपऱ्यातून काढून नेहमीच्या सत्रात, नेहमीचे मानधन देऊन बोलवावे. फिनलंडचा तो पंक बँड २०१६च्या अखेरीस थांबला, कारण गिटारवादक पेर्ती कुरिका साठ वर्षांचा होऊन निवृत्त झाला. वाजवणे हे काम मानले गेले होते, म्हणून त्याला निवृत्तीही होती.

आणि आम्ही लिहिणाऱ्यांनी आमचे काम करावे. अशा कार्यक्रमाबद्दल ‘डोळे पाणावले’ असे लिहिणे सोपे आहे आणि त्यातून कलावंताला काहीच मिळत नाही. लय कुठे घसरली, कोणता आवाज पुन्हा ऐकावासा वाटला, कोणते गाणे लांबले, साथीदारांनी कुठे मुख्य गायकाला झाकून टाकले, हे लिहावे. ज्याच्या चुका कोणी सांगत नाही, त्याच्याकडून कोणी काही अपेक्षिलेलेच नसते. बौद्धिक अक्षमता असलेल्या वादकाला आपण संगीतकार मानतो की नाही, हे त्याच्याबद्दल लिहिलेल्या पहिल्या प्रामाणिक परीक्षणातून ठरेल.