‘मुंबईचें वर्णन’ व स्कॉच लोकांची शाळा

ग्रांट डफ याच्या इतिहासाइतकी टीका आमच्याकडे क्वचितच दुसऱ्या परकीय ग्रंथावर झाली असेल. १८६७ सालीं नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं तिला तोंड फोडलें, आणि पुढें साधनांचे खंड निघूं लागल्यावर ती उत्तरोत्तर सप्रमाण होत गेली. ही टीका न्याय्यच होती. तथापि तिचा रोख बहुतेक तह, लढाया, सनावळ्या व कारभाऱ्यांचे हेतु यांवर राहिला. डफच्या ग्रंथांतील दुसरी एक मोठी उणीव आमच्यांतहि असल्यामुळें ती आम्हांस दिसली नाहीं.

डफ हा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बॅन्फ या जुन्या बंदरांत १७८९ सालीं जन्मला. त्याच्या बाळपणींच, १७९१ ते १७९९ या अवधींत, सर जॉन सिंक्लेअर यानें त्या देशाच्या ९३८ पॅरिशांतील पाद्र्यांकडून आपापल्या गांवाची हकीकत मागवून ती २१ भागांत छापून काढिली. मजुरीचा दर काय, धान्य काय भावानें मिळतें, मासळी किती लागते, शाळामास्तरास वेतन काय, असले प्रश्न पाद्र्यांस घातले होते. बॅन्फचेंहि वर्णन त्यांत आहे. ज्याच्या जन्मग्रामाची मोजदाद इतक्या बारकाईनें झाली, त्यानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास तीन भागांत छापिला, तेव्हां आरंभीं गांवचे वतनदार व बलुते यांचें थोडें विवेचन करून सारा भर राजकारणावर दिला. चौल, दाभोळ, राजापूर हीं बंदरें त्यांत येतात तीं लुटीच्या, वखारीच्या किंवा आरमाराच्या संबंधानें. तेथील माणूस काय खाई व कोणत्या विहिरीचें पाणी पिई, हें त्यांत नाहीं.

अशा प्रकारचें बंदराचें वर्णन मराठींत प्रथम विस्तारानें लिहिलें तें गोविंद नारायण माडगांवकर यांनीं. हे गृहस्थ १८१५ सालीं गोव्यांत जन्मले, लहानपणींच मुंबईस आले, आणि स्कॉच मिशनऱ्यांच्या शाळेंत शिक्षक झाले. ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं निघालें. दोन वर्षांनीं कर्ते वारले. ग्रंथ पुढें जवळजवळ शंभर वर्षें पडून राहिला. १९६१ सालीं न. र. फाटक यांनीं तो मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फें पुन्हां संपादिला व २००८ सालीं मुरली रंगनाथन यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. तरीहि ग्रंथाचें साधन या दृष्टीनें जसें परीक्षण व्हावें तसें झालेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

असल्या परीक्षणांत पहिला प्रश्न कर्त्याच्या अन्नदात्याचा. ही शाळा कोणाची? १८२९ सालीं मुंबईस आलेल्या जॉन विल्सन या स्कॉच पाद्र्यानें १८३२ त गिरगांवानजीक आंब्रोली येथें इंग्रजी शाळा काढिली. तीच पुढें स्कॉटलंडच्या धर्मसभेची शाळा झाली. १८४३ च्या मे महिन्यांत एडिंबरो येथें त्या धर्मसभेंत फूट पडली. वादाचें मूळ असें कीं, गांवचा पाद्री तेथील जमीनदारानें नेमावा कीं गांवकऱ्यांच्या संमतीनें तो यावा. जोशीपणाच्या वतनाचे महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस या वादाचें मर्म सांगावयास नको. सुमारें साडेचारशें पाद्री आपलीं घरें व वेतनें सोडून बाहेर पडले व त्यांनीं फ्री चर्च स्थापिलें. विल्सन, नेस्बिट व मिचेल हे मुंबईकर पाद्री त्यांस मिळाले. त्यामुळें शाळेसाठीं बांधीत आणलेली नवी इमारतहि जुन्या पक्षाच्या स्वाधीन करून त्यांस दुसरीकडे बिऱ्हाड करावें लागलें. एडिंबरोच्या भांडणानें मुंबईच्या मुलांनीं पाटीदप्तर उचललें, ही गोष्ट कोणत्याहि बखरींत यावयाची नव्हती. याच फ्री चर्चनें १८४५ सालीं स्टीफन हिस्लॉप यास नागपुरास पाठविलें. त्याची गोंडांविषयींचीं टिपणें रिचर्ड टेंपल यानें १८६६ त छापिलीं. आमच्या वर्धा जिल्ह्याच्या सीमेजवळील टाकळघाटचीं शिळावर्तुळें पाहून परततांना हा पुराणवस्तूंचा शोधक नाल्याच्या पुरांत बुडून मेला, तें सालहि १८६३ च. मुंबईंतील त्या शाळेचें नातें आम्हां रोहणेकरांसहि अगदींच परकें नाहीं तें असें.

तेव्हां माडगांवकरांच्या ग्रंथाचा नमुना सिंक्लेअरचा संग्रह होता काय? शाळेच्या द्वारें ती पद्धत त्यांच्या कानीं आली असेल, ही कल्पना मोहक आहे. पण पुराव्यावांचून आम्ही ती स्वीकारीत नाहीं. क्षेत्रमाहात्म्यांत देवळें व तीर्थें क्रमानें सांगण्याची आपली रीति जुनीच आहे, आणि देवळें, तळीं, बाजार, शाळा, आगगाडी असा मुंबईचा फेरफटका त्या रीतींतूनहि निघूं शकतो. शाळेचा ठसा दुसरीकडे आहे. इंग्रजी राज्याची स्तुति कर्ते ठिकठिकाणीं करितात व सुधारणा म्हणजे चांगलें, हें गृहीत धरून चालतात. बेटाचा जुना इतिहास त्यांनीं ऐकीव व परभाषेंतील ग्रंथांच्या आधारें दिला आहे. त्या भागावर संशोधकानें भिस्त ठेवूं नये. कर्त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला नव्हता. म्हणून त्याची स्तुति ही धर्मांतराची नव्हे, तर नोकरीची व मनःपूर्वक विश्वासाची मिसळ आहे. ती वजा करून वाचणें कठीण नाहीं.

जें स्वतः पाहिलें तेथें मात्र माडगांवकर भरंवशाचे साक्षी आहेत. गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्याची त्यांची हकीकत आम्हांस साऱ्या ग्रंथांत सर्वांत मोलाची वाटते. अमेरिकन मिशनचें छापकाम पाहून या गृहस्थानें लांकडाचा लहान दाब तयार केला, छापण्याजोगा दगड हुडकला, आणि शके १७५३ (इ. स. १८३१) त पंचांग छापिलें. शाईंत चरबी असते या शंकेमुळें त्यानें तूप वापरलें, हें तर सर्वश्रुत आहे. माडगांवकर याहून एक पाऊल पुढें जातात: छापील कागदास न शिवणारे लोक आपल्या काळींहि मुंबईंत व बाहेर पुष्कळ आहेत, असें ते नमूद करितात. म्हणजे पहिल्या पंचांगानंतर तीस वर्षें हस्तलिखित व छापील हीं दोन्हीं एकाच शहरांत शेजारीं नांदत होतीं! हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस याहून जवळची साक्ष कोणती?

आणि येथेंच आमच्या संग्राहकवर्गाशीं आमचा तंटा आहे. पोथी १८५५ सालची व हातानें लिहिलेली असली तर ती मखरांत बसते. त्याच सालचें शिळाछाप पंचांग त्याच फडताळांत सांपडलें तर तें रद्दींत जातें. वास्तविक दोन्हींचा धनी एकच, उपयोगहि एकच. मोडी कागदावर शिक्का नसेल तर दप्तर चाळणारा तो बाजूस टाकतो. किराण्याची यादी, गाडीभाड्याचा हिशेब, मुलाच्या शाळेचा कित्ता यांस कोणी क्रमांकहि देत नाहीं. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ सालीं झाला. अमेरिकेंतील युद्धामुळें (१८६१–६५) कापसाचा भाव चढला तो त्याच वर्षांत, आणि नागपूरपर्यंत लोहमार्ग पोंचला १८६७ सालीं. त्यापूर्वीं इकडचा कापूस बैलगाड्यांनीं किती दिवसांत, काय भाड्यानें, कोणाच्या हवालीं जाई, याचीं उत्तरें सनदांत नाहींत. तीं असल्याच चिटोऱ्यांत असावयाचीं. माडगांवकरांनीं बंदराची बाजू लिहून ठेविली, गांवाकडील बाजू कोरी आहे.

यास्तव सभासदांस आमची सूचना एवढीच कीं, इ. स. १८७० पर्यंतचीं शिळाछाप पंचांगें जेथें असतील तेथें त्यांची स्वतंत्र यादी करावी, व छापखान्याचें नांव, शक आणि मालकाची सही यांखेरीज समासांतील लेखनहि उतरून घ्यावें. त्यांत जन्मवेळा असतात, उसनवारी असते, आणि पुष्कळदां पावसाचा पहिला दिवसहि टिपलेला असतो.