शेजाऱ्याच्या सावलींतील गाणीं

एखाद्या देशाची ओळख त्याच्या शेजाऱ्याच्या नांवानेंच होऊं लागली, म्हणजे त्या देशाच्या गुणांचें श्रेयहि शेजाऱ्याच्याच पदरांत पडतें. कॅनडाचें नेमकें हेंच झालें आहे. क्षेत्रफळानें जगांत दुसरा, परंतु लोकसंख्येनें जेमतेम चार कोटींचा हा देश. त्याची बहुतेक वस्ती दक्षिण सरहद्दीच्या आश्रयानें राहिलेली. आणि सरहद्दीपलीकडे त्याच इंग्रजी भाषेंत बोलणारा, गाणारा व विकणारा प्रचंड शेजारी. त्यामुळें कॅनडांत जन्मलेलें गाणें जगभर जातें तें बहुधा अमेरिकन म्हणूनच. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील कितीतरी घरांतून ब्रायन ॲडम्सचीं गाणीं वाजत असत. मुंबईंत त्याचे जलसेहि झाले. पण हा गायक कोठला, असा प्रश्न त्या वेळीं किती जणांस पडला असेल? आम्हांस तरी पडला नव्हता, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त टोरोंटोस स्थायिक झाला आहे. त्यानें गेल्या दिवाळींत तिकडील पॉप व रॉक गाण्यांची एक लांबलचक यादी आम्हांस धाडली आणि "मामा, यांतलीं तुम्हांस खरोखर भावतील तेवढींच निवडा" असें बजावलें. तेव्हांपासून रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं त्या गाण्यांचें श्रवण सुरू झालें. मतभेद अर्थातच झाले. मुलांना ढोलांचा गडगडाट हवा, तर वडील मंडळींस शब्द कळावयास हवेत! रश ह्या त्रिकुटाचें 'टॉम सॉयर' (१९८१) मुलांनीं आम्हांस तीनदां ऐकविलें. नील पिअर्टच्या वादनांतील कसब आम्हांसहि मान्य आहे. परंतु कसब आणि अंतःकरण यांतून एक निवडण्याची पाळी आली, तेव्हां आमचा कौल दुसऱ्या बाजूस पडला. त्या कौलांत टिकलेलीं पांच गाणीं वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

पहिला मान गॉर्डन लाइटफुटच्या 'द रेक ऑफ द एडमंड फिट्झजेरल्ड' (१९७६) ह्या गाण्यास. १० नोव्हेंबर १९७५ रोजीं लोखंडाच्या खनिजानें लादलेलें ह्या नांवाचें अमेरिकन मालवाहू जहाज सुपीरियर सरोवरांत वादळांत सांपडून कॅनडाच्या हद्दींत बुडालें; जहाजावरील २९ माणसांपैकीं एकहि वांचला नाहीं. ती वार्ता वाचून लाइटफुटनें हें गाणें रचलें. आमच्या वाचकांस पोवाड्याची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. पण पोवाड्यांत वीर असतो, त्याचा शत्रु असतो, शेवटीं जयजयकार असतो. येथें वीर नाहीं आणि शत्रुहि नाहीं. आहे तें थंड सरोवर, नोव्हेंबरचा वारा आणि पगारासाठीं कामावर गेलेलीं साधीं माणसें. गाण्यास ध्रुपद नाहीं. एकच चाल कडव्यामागून कडवें येत राहते, आणि लाटेमागून लाट यावी तसा तिचा भार ऐकणाऱ्याच्या मनावर चढत जातो. गायकाचा आवाज मात्र कोठेंहि चढत नाहीं. दुःखाची गोष्ट सांगतांना सांगणाऱ्यानें स्वतः रडूं नये, हा जुना नियम लाइटफुटनें पाळला आहे.

तथापि ह्या गाण्याच्या संबंधांत एक अवघड प्रश्न उभा राहतो. अपघाताच्या पुढच्याच महिन्यांत, डिसेंबरांत, गाणें मुद्रित झालें. त्या वेळीं जहाज कशानें बुडालें हें निश्चित झालेलें नव्हतें. तरी मालाच्या कोठाराचें झांकण निकामी झाल्याचा उल्लेख गाण्यांत आला, आणि झांकणें नीट न लावल्याचा ठपका अप्रत्यक्षपणें मेलेल्या खलाशांच्या माथीं बसला. ज्यांना उत्तर देतां येत नाहीं त्यांच्याविषयीं तर्क करण्याचा कवीस अधिकार किती? ह्यांत खलाशांची हयगय नव्हती, असा निष्कर्ष नव्या तपासांतून पुढें आला, तेव्हां २०१० सालीं, म्हणजे गाणें जगभर पाठ झाल्यानंतर चौतीस वर्षांनीं, लाइटफुटनें जलशांत गातांना ती ओळ बदलली. आपल्या गाजलेल्या ओळीस असा हात घालणारे कवि आम्हांस फार ठाऊक नाहींत. १ मे २०२३ रोजीं तो वारला, त्याच्या दुसऱ्या दिवशीं डेट्रॉइटच्या खलाशांच्या चर्चमध्यें घंटेचे तीस टोले देण्यांत आले : एकोणतीस जहाजावरच्यांचे आणि एक त्यांच्या शाहिराचा. टीकाकाराच्या अनेक पानांहून तो तिसावा टोला अधिक बोलका आहे.

दुसरें गाणें जोनी मिचेलचें 'बोथ साइड्स नाउ'. आल्बर्टा प्रांतांत १९४३ सालीं जन्मलेल्या व सास्काटूनला वाढलेल्या ह्या बाईस नवव्या वर्षीं पोलिओनें गांठलें. पुढें गिटार हातीं घेतल्यावर डाव्या हाताच्या अशक्तपणामुळें नेहमींचे स्वरमेळ तिला दाबवेनात; म्हणून तिनें तारा आपल्या सोयीनें निराळ्याच स्वरांत लावल्या, आणि व्यंगांतून तिची स्वतंत्र शैली निपजली. हें गाणें तिनें १९६७ सालीं, वयाच्या चोविशीच्या आंत रचलें. आयुष्याच्या दोन्ही बाजू पाहून झाल्याची भाषा एवढ्या तरुण मुलीच्या तोंडीं शोभते काय, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदींच अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. तिच्या १९६९ च्या मुद्रणांत आवाज उंच व निर्मळ आहे, पण त्यांतील निराशा थोडी उसनी वाटते. २००० सालीं तिनें तेंच गाणें मोठ्या वाद्यवृंदासह पुन्हां गाइलें, तेव्हां आवाज खालीं उतरून खरबरीत झाला होता. पुढें २०१५ मध्यें मेंदूंतील रक्तवाहिनीच्या विकारानें तिला अंथरुणास खिळविलें. आणि तरीहि जुलै १९२२ नव्हे, २०२२ मध्यें, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, न्यूपोर्टच्या महोत्सवांत खुर्चीवर बसून तिनें तें परत गाइलें. गाणें तेंच होतें. गाणारी आतां त्या गाण्याच्या वयास पोंचली होती. तीनहि मुद्रणें ओळीनें ऐकावीं, अशी आमची वाचकांस शिफारस आहे.

तिसरें गाणें इंग्रजी नव्हेच. क्वेबेक प्रांताची भाषा फ्रेंच, आणि तेथील जील व्हिन्यो ह्या कवि-गायकाचें 'मों पेई', म्हणजे 'माझा देश', (१९६४) हें त्या प्रांताचें जणूं अनधिकृत राष्ट्रगीत झालें आहे. नांव देशाचें असूनहि त्यांत निशाण नाहीं, इतिहास नाहीं, पराक्रम नाहीं. देश आणि हिंवाळा यांचा अभेद कल्पून कवीनें बर्फांतच आपलें घर शोधलें आहे. देशभक्तीचीं गीतें आपल्याकडे थोडीं नाहींत. परंतु हवामानावर इतकी निष्ठा ठेवणारें गीत आम्हीं दुसरें ऐकलें नाहीं. ह्याच चालीची पुढची कथा मौजेची आहे. १९७६ सालीं पॅत्सी गॅलंट ह्या गायिकेनें ती डिस्कोच्या ठेक्यावर चढविली. शब्द इंग्रजी झाले आणि विषय झाला न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंतची कीर्ति! शेजाऱ्याची सावली म्हणजे काय, हें ह्या एका उदाहरणावरून जितकें कळतें तितकें व्याख्यानांनीं कळणार नाहीं.

चौथें गाणें माँट्रियलच्या लेनर्ड कोहेनचें 'हालेलूया'. कोहेन मुळांत कवि व कादंबरीकार. गाण्याकडे तो तिशी उलटल्यावर वळला. १९८४ च्या ज्या संग्रहांत हें गाणें होतें, तो त्याच्या अमेरिकन कंपनीनें आपल्या देशांत काढण्याचेंच नाकारलें. पुढें जॉन केल (१९९१) आणि जेफ बकली (१९९४) यांनीं तें गाऊन उजेडांत आणिलें, आणि २०१० सालीं व्हँकूव्हरच्या हिंवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनांत के. डी. लँगनें तें साऱ्या जगापुढें म्हटलें. आज तें इतक्या समारंभांत गाइलें जातें कीं त्याचा अर्थच झिजून जावा. वस्तुतः हें भाविकाचें स्तोत्र नव्हे. मोहांत सांपडलेला दावीद राजा व बळ गमावलेला शमशोन यांच्या कथा त्यांत एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि पराभूताच्या तोंडून निघालेलें स्तवनहि स्तवनच असतें, हें त्याचें मर्म आहे. आमच्या वाचकांस एक गोष्ट विशेष वाटेल. १९९९ सालीं हाच कोहेन मनःशांतीच्या शोधांत मुंबईस आला व रमेश बाळसेकरांच्या प्रवचनांस बसूं लागला. बाळसेकर हे निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. खेतवाडींतील त्या माडीवर महाराज मराठींत बोलत आणि बाळसेकर परक्या जिज्ञासूंस तें इंग्रजींत सांगत. म्हणजे माँट्रियलच्या ह्या ज्यू कवीनें उतारवयांत जो दिलासा मिळविला, त्याचा एक झरा मराठी बोलण्यांतून निघाला होता.

येथें एक वादाचा मुद्दा टाळतां येत नाहीं. आपलीं गाणीं आपल्याच नभोवाणीवर ऐकूं येत नाहींत, हें पाहून कॅनडाच्या सरकारी मंडळानें जानेवारी १९७१ पासून नभोकेंद्रांवर शेंकडा ३० गाणीं स्वदेशी असलींच पाहिजेत, असा नियम घातला. कला काय कायद्यानें पिकते, असें हेटाळणीनें विचारणारे तेव्हांहि होते. त्यांच्या बाजूस पुरावाहि आहे. मिचेल, कोहेन, नील यंग हे सर्व नियमाच्या आधींच पुढें आले. विनिपेगच्या द गेस हू ह्या मंडळीचें 'अमेरिकन वूमन' १९७० सालींच अमेरिकेंत अग्रस्थानीं पोंचलें. आणि नियमाचा जाच असा कीं, १९९१ मध्यें दक्षिण आफ्रिकी सहकाऱ्याबरोबर रचना केली म्हणून खुद्द ब्रायन ॲडम्सचीं गाणीं 'कॅनेडियन' ठरेनात. पुढें तो नियम बदलावा लागला. हें सारें खरें. पण त्या पहिल्या पिढींतील बहुतेकांना घर सोडून न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्निया गांठावें लागलें, हेंहि तितकेंच खरें. कायदा प्रतिभा निर्माण करीत नाहीं. प्रतिभेस घरीं राहतां यावें एवढी सोय तो करूं शकतो.

ह्या सोयीचें उत्तम फळ म्हणजे किंग्स्टन गांवची द ट्रॅजिकली हिप ही मंडळी. अमेरिकेंत त्यांस फारसें कोणी ओळखलें नाहीं, आणि त्यासाठीं त्यांनीं आपल्या गाण्यांतील गांवांचीं नांवें बदललीं नाहींत. त्यांचें 'व्हीट किंग्स' (१९९२) हें आमच्या यादींतील पांचवें गाणें. आरंभीं लून पक्ष्याची हांक, मग संथ गिटार, आणि मग डेव्हिड मिल्गार्डची छाया. न केलेल्या खुनासाठीं ह्या तरुणानें २३ वर्षें तुरुंगांत काढलीं; १९९२ मध्यें तो सुटला आणि १९९७ मध्यें डीएनए-परीक्षेनें त्याचें निरपराधित्व सिद्ध झालें. म्हणजे शास्त्राची साक्ष येण्यापूर्वींच गाण्यानें साक्ष दिली होती. लाइटफुटच्या गाण्यानें निरपराधांवर नकळत बोट दाखविलें. ह्या गाण्यानें तें निरपराध्यावरून काढून घेतलें. दोन्ही एकापाठोपाठ ऐकिलीं, म्हणजे गाणाऱ्यावरील जबाबदारी किती मोठी हें ध्यानांत येतें. गायक गॉर्ड डाउनी यास मेंदूचा असाध्य कर्करोग जडल्यावर २० ऑगस्ट २०१६ रोजीं किंग्स्टनला झालेला ह्या मंडळीचा अखेरचा जलसा देशांतील सुमारें १ कोटि १७ लक्ष लोकांनीं पाहिला वा ऐकिला. पुढल्या वर्षीं डाउनी वारला.

हीं पांचहि गाणीं आवाज चढवून आपलें मोठेपण सांगत नाहींत. एकांत सरोवर आहे, एकांत हिंवाळा, एकांत तुरुंग. मोठ्या शेजाऱ्याशीं गळ्याची स्पर्धा करण्याऐवजीं आपल्या अंगणांतलें नीट पाहणें, हा त्यांचा मार्ग आहे. यादी वाचून भाच्यानें कळविलें आहे कीं, आम्हीं रॉकचा 'रॉकपणा' तेवढा गाळला! आरोप खरा असेल. घरांतील मुलेंहि त्याच्याच पक्षाचीं आहेत. परंतु परवां दिवे मालवल्यावर धाकट्या मुलीच्या खोलींतून लून पक्ष्याची ती हांक आम्हांस ऐकूं आली, आणि आमची निवड अगदींच वायां गेली नाहीं, असें वाटून आम्ही स्वस्थ झोंपलों.