घरच्या माणसाची नोंद

विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश मराठीत २००३ साली सुरू झाला आणि उर्दूत २००४ साली. तेव्हापासून आपल्या लिहित्या मुलामुलींच्या हाती अशी एक जागा आली आहे, जिथे छपाईचा खर्च नाही आणि संपादकाची मेहेरबानीही लागत नाही. साहजिकच पुष्कळांना पहिली आठवण होते ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. आजोबांनी तालुक्यात उर्दू शाळा उभी केली, चुलते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तुरुंगात गेले, खाला कविता करीत असत. त्यांची नोंद व्हावी, या इच्छेत गैर काहीच नाही. पण अशा नोंदी वाचताना राहून राहून वाटते की आपण नोंद लिहीत नाही, ताजियती जलशातले भाषण उतरवून काढतो. मग कोणी अनोळखी संपादक येऊन ती काढून टाकतो आणि आपल्याला त्यात पक्षपात दिसतो. पक्षपात कधी असतोही. बहुतेक वेळा मात्र दोष लेखनातच असतो, आणि तो साहित्याचा दोष आहे म्हणून त्याची चर्चा इथे करावीशी वाटते.

ज्ञानकोशातल्या लेखनाने तटस्थ असावे आणि ते पडताळून पाहता यावे, अशी अपेक्षा असते. हे दोन गुण इतक्यांदा जोडीने उच्चारले जातात की ते एकच आहेत असा समज होतो. उर्दू साहित्यात त्यांना वेगवेगळे दाखवणारी दोन उत्तम उदाहरणे आहेत.

पहिले अल्ताफ हुसेन हालींचे. सर सय्यद अहमद खान १८९८ साली वारले आणि १९०१ मध्ये हालींचे 'हयात-ए-जावेद' बाहेर पडले. हाली त्यांचे नातलग नव्हते, पण श्रद्धेने घरच्या माणसाइतकेच जवळचे होते. पुस्तकात पत्रे आहेत, भाषणे आहेत, तारखा आहेत. हवाल्यांची वाण नाही. तरीही शिबली नोमानींनी या पुस्तकाला पुराव्यानिशी केलेली तारीफ ठरवले. शेरा थोडा कडक आहे असे मला वाटते, कारण तेवढी सामग्री हालींनी गोळा केली नसती तर सर सय्यदांवर टीका करणाऱ्यांनाही हाताशी काही राहिले नसते. पण शिबलींनी बोट नेमक्या जागी ठेवले. प्रत्येक वाक्याला पुरावा जोडला तरी कोणती वाक्ये निवडायची हे प्रेमच ठरवीत असेल, तर एकूण चित्र एकतर्फीच होते.

दुसरे उदाहरण इस्मत चुगताईंचे. त्यांचे भाऊ अजीम बेग चुगताई हे नामांकित विनोदी लेखक. दीर्घ आजारानंतर १९४१ मध्ये ते गेले आणि बहिणीने त्यांच्यावर जे लिहिले त्याचे नाव 'दोजखी'. नरकवासी! मेलेल्या भावाला बहिणीने हे नाव द्यावे, यावरून उर्दू वाचक आजही दचकतो. मंटोंनी इस्मतवरच्या आपल्या लेखात सांगितले आहे की त्यांच्या बहिणीला हे मुळीच आवडले नव्हते. त्यावर मंटोंनी तिला म्हटले की तू माझ्यावर असे लिहिण्याचे वचन देत असशील तर मी आजच मरायला तयार आहे. या लेखात स्तुतीचा लवलेश नाही, भावाचा कडवटपणा, त्याचा हट्ट, घरात आगी लावण्याची त्याची खोड, सगळे आहे, आणि तरी वाचून झाल्यावर डोळे भरतात. घरच्या माणसाविषयी याहून प्रामाणिक लेखन मला ठाऊक नाही. पण त्यातले एकही वाक्य पडताळता येत नाही. जे बहिणीने पाहिले ते तिनेच पाहिले. 'दोजखी' हे थोर साहित्य आहे आणि ज्ञानकोशातली अत्यंत वाईट नोंद ठरेल.

पुरावा असूनही तटस्थता नाही, प्रामाणिकपणा असूनही पडताळणी नाही. या दोन्ही उणिवांचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे, आणि तो साहित्यात नव्हे तर हदीसच्या शास्त्रात. (तुलना रीतीची आहे, दर्जाची नव्हे, हे सांगायला नको.) इमाम बुखारींचे उस्ताद अली इब्नुल मदीनी हे रावींची पारख करण्यात अग्रगण्य, हिजरी २३४ मध्ये ते वारले. त्यांचे वडीलही हदीस सांगत. लोकांनी अलींना विचारले, तुमच्या वडिलांच्या रिवायतींचे काय? त्यांनी उत्तर दिले की हे दुसऱ्या कोणाला विचारा. लोकांनी पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी मान खाली घातली, मग वर पाहून सांगितले की हा दीनचा मामला आहे, माझे वडील जईफ आहेत. म्हणजे त्यांच्या कथनावर भिस्त ठेवता येत नाही. इमाम मुस्लिम यांनीही आपल्या मुकद्दम्यात जैद बिन अबी उनैसा यांचा असाच दाखला दिला आहे. त्यांनी आपल्या सख्ख्या भावाकडून हदीस घेऊ नका म्हणून सांगितले होते.

वाज करणारे हा किस्सा सांगतात तेव्हा सगळा भर अलींच्या दुसऱ्या उत्तरावर असतो, कारण त्यात त्याग आहे. मला पहिले उत्तर अधिक मोलाचे वाटते. दुसऱ्या कोणाला विचारा. बापाला कमजोर म्हणण्याची हिंमत असलेला माणूससुद्धा आधी बाजूला होऊ पाहतो, कारण या प्रश्नात साक्षीदार आणि मुलगा एकाच अंगरख्यात आहेत हे तो जाणतो. सक्तीच झाली तेव्हा बोलला, तेही आपल्या रक्ताच्या विरुद्ध बाजूने. इंग्रजी विकिपीडियाचे हितसंबंधांविषयीचे धोरण जवळपास हेच सांगते. स्वतःवर, नातलगांवर, मालकावर लिहिण्याची सरसकट बंदी नाही, पण लिहू नका असा जोरदार सल्ला आहे. काही सांगायचे असेल तर नाते उघड करा, चर्चापानावर पुराव्यासह सुचवा, आणि बदल करायचा की नाही हे दुसऱ्यावर सोपवा.

हा नियम मोठ्यांनाही जड जातो. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी २००५ मध्ये स्वतःवरच्या नोंदीतून आपल्या सहसंस्थापकाचे श्रेय खोडले होते. प्रत्येक बदलाचा इतिहास तिथे उघडा असल्यामुळे ते लगेच दिसले. २०१२ साली अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांची गोष्ट जास्त गाजली. त्यांच्या 'द ह्यूमन स्टेन' कादंबरीची प्रेरणा अमुक माणूस असल्याचे नोंदीत लिहिले होते. रॉथ म्हणाले, हे खोटे आहे, मीच तर लेखक. उत्तर आले की दुसरा छापील आधार लागेल. रॉथ यांनी चिडून 'न्यूयॉर्कर'मध्ये जाहीर पत्र लिहिले, आणि त्या पत्राचाच आधार घेऊन नोंदीत त्यांचे म्हणणे आले. जग विकिपीडियाला हसले. माझ्या मते नियमाने आपले काम चोख केले. लेखकाचा शब्द नाकारला गेला नव्हता. तो कोणालाही वाचता येईल अशा ठिकाणी, सहीनिशी ठेवावा एवढीच मागणी होती.

आता आपल्या घरात येऊ. समजा, एका नातवाला आजोबांवर लिहायचे आहे. आजोबा उर्दू शाळेत शिक्षक होते. तो लिहितो, 'शिक्षणमहर्षी, समाजाचे आधारवड, मरहूम जनाब अमुक साहेब यांनी अज्ञानाच्या अंधारात इल्मची शमा पेटवली.' या वाक्यात माहिती किती? शून्य. विशेषणे काढली तर काही उरतच नाही. शाळा कोणत्या साली निघाली, पहिल्या वर्षी किती मुली होत्या, मान्यता कधी मिळाली, ते मुख्याध्यापक कधी झाले, हे एका ओळीत आले असते तर मोठेपण वाचकाने स्वतः ताडले असते. स्मरणिका आणि गौरवग्रंथ यांनी आपली भाषा इतकी बिघडवली आहे की साधे वाक्य लिहिणे हा आपल्याला मरहूमचा अपमान वाटतो. तरी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. तटस्थता म्हणजे उद्धटपणा नव्हे. मराठीत 'ते शिक्षक होते' हे आदरार्थी अनेकवचन स्तुती नसून रीत आहे; ते राहावे. 'मरहूम', 'जनाब', नावापुढची दुआ मात्र नोंदीत नको. ती आपल्या जिभेवर असतेच. 'इंतकाल झाला' आणि 'निधन झाले' यांत मी दुसरे पसंत करीन, पण पहिल्याने नोंद पक्षपाती होते असेही मानणार नाही.

तारखांचा घोळ याहून नाजूक आहे. शाळेचे जुने जनरल रजिस्टर ज्यांनी हाताळले आहे त्यांना ठाऊक असेल की पानेच्या पाने एक जून या एकाच जन्मतारखेने भरलेली असतात. मुलाला घेऊन आलेल्या बापाला तारीख सांगता येत नसे, गुरुजी एक जून टाकून मोकळे होत. तीच तारीख दाखल्यावर, तीच नोकरीत, तीच पेन्शनच्या कागदावर. समजा, आजोबांच्या कागदांवर १ जून १९३२ आहे आणि घरात मात्र ते रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री जन्मले असे सांगतात. १९३२ चा पहिला रमजान जानेवारी-फेब्रुवारीत आला होता, जूनमध्ये नव्हे. खरे काय? बहुधा दादीचे. पडताळता येण्याजोगे काय? गुरुजींचे. अशा ठिकाणी नातू छातीठोकपणे एक तारीख ठोकून देतो, आणि तिथेच तटस्थता संपते. 'शालेय नोंदीनुसार' हे दोन शब्द लावले की वाक्य खरे होते. दादीचे म्हणणेही 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार' म्हणून येऊ शकते, पण ते आधी कुठे तरी छापले गेले असेल तर.

ज्याच्यावर वाद आहेत अशा माणसाची नोंद ही खरी कसोटी. हमीद दलवाईंचे उदाहरण आपल्या वाचकांपुढे ठेवायला मला संकोच वाटत नाही, कारण त्यांच्याविषयी आपल्यात क्वचितच कोणी थंड डोक्याने बोलतो. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर गेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, समान नागरी कायदा यावा, ही मागणी होती. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. ही वाक्ये दलवाईंच्या चाहत्याने लिहिली काय आणि विरोधकाने लिहिली काय, सारखीच राहतील. यापुढे 'क्रांतिकारक' किंवा 'दीनचे दुश्मन' हे शब्द आले की ते कोणाचे मत आहे, कुठे छापले आहे, हे सांगावे लागेल. आणि दोन्ही बाजूंच्या जाणत्या टीकाकारांना जागा द्यावी लागेल.

मेहरुन्निसा दलवाईंनी मात्र योग्य तेच केले. नवऱ्याबरोबरच्या आयुष्यावर त्यांनी 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन लिहिले. त्यात त्यांनी तटस्थ असण्याची गरजच नव्हती. पत्नीचा शब्द पत्नीच्या नावाने समोर आला. आता ज्ञानकोशाला दलवाईंच्या आजारपणाविषयी किंवा घरच्या ओढाताणीविषयी लिहायचे असेल तर 'मेहरुन्निसा दलवाई यांच्या आत्मकथनानुसार' असे म्हणून लिहिता येते. दलवाईंच्या कार्याचे मूल्यमापन करायला ते पुस्तक पुरणार नाही, ती अपेक्षाही नाही.

इथे एक रास्त तक्रार उरते. ज्यांच्याविषयी कधी छापलेच गेले नाही त्यांनी काय करावे? वर्तमानपत्रांनी ज्यांची दखल घेतली नाही, त्यांनाच ज्ञानकोश 'उल्लेखनीय नाही' म्हणून परत पाठवतो. हा अन्याय दुहेरी आहे आणि त्याचा सर्वांत मोठा भार आपल्या स्त्रियांवर पडतो. फातिमा शेख आपल्या सर्वांच्याच घरच्या आहेत म्हणून त्यांचे उदाहरण घेतो. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे; आपल्या गैरहजेरीत कामाचा त्रास तिला पडत असेल, अशी काळजी त्यात आहे. हे पत्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये काढलेल्या समग्र वाङ्मयात कोणालाही वाचता येते. केवढा मोठा पुरावा! पण तेवढ्यावर आपले समाधान झाले नाही. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख कोणताही मूळ दस्तऐवज न दाखवता एकाने लिहिली, दुसऱ्याने उचलली. २०२२ मध्ये त्या दिवशी गुगलने चित्रही लावले. आणि २०२५ च्या जानेवारीत एका पत्रकाराने फातिमा शेख हे पात्र आपणच रचल्याचा दावा केला, तेव्हा लोक डळमळले ते या सजावटीमुळे. अभ्यासकांनी उत्तरात पुढे केले ते पत्रच. प्रेमापोटी जोडलेल्या तारखेने आपल्या माणसाची जी खरी एक ओळ होती तिच्यावरच संशयाचे सावट आणले.

तेव्हा नातवाने ज्ञानकोशाकडे धाव घेण्याआधी काय करावे, तर जे घरात आहे ते घराबाहेर आणावे. यासाठी आपली वार्षिके आहेत, जिल्ह्यांतली छोटी नियतकालिके आहेत. पण तिथेही गौरवलेख नको. आजोबांच्या शाळेचा मान्यतेचा कागद जसाच्या तसा छापा. खालाच्या कविता ज्या वहीत आहेत तिची पाने मोजा, कोणत्या कवितेखाली कोणती तारीख आहे ते लिहा. दादीची आठवण छापताना सांगणाऱ्याचे नाव, तिचे वय, ऐकणाऱ्याचे नाव, गाव आणि दिवस द्या; तिने स्वतः पाहिले की सासूकडून ऐकले, हेही द्या. आणि खाली स्वतःची सही करताना नाव लिहून थांबू नका, पुढे 'नातू' असेही लिहा.