तंबोरा कानात की कानाबाहेर?

पॉडकास्टवर ध्वनीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "इन-इअर घेऊ की ओपन-बॅक हेडफोन? साउंड क्वालिटी कशाची चांगली?" विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच. भाड्याची खोली, पातळ भिंत, पलीकडे झोपलेली रूममेट, आणि लॅपटॉपमध्ये घरून आणलेल्या जुन्या मैफिलींचं फोल्डर. आजवर माझं उत्तर दोन शब्दांचं होतं: इन-इअर घ्या. आता त्यातलं अर्धं उत्तर मी मागे घेतेय. का, ते सांगते.

आधी फरक समजून घेऊ. इन-इअर मॉनिटर सिलिकॉनच्या किंवा फोमच्या बोंडानं कानाचं भोक बंद करतो आणि आवाज थेट आत सोडतो. ओपन-बॅक हेडफोन कानाभोवती बसतो, पण त्याची पाठ जाळीची असते. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. सेनहायझरनं १९६८ मध्ये एचडी ४१४ हा ओपन हेडफोन आणला, तेव्हापासून घरी निवांत ऐकणाऱ्यांची ही आवडती जात आहे. या दोघांबद्दल दोन वाक्यं सगळीकडे फिरत असतात: इन-इअरमध्ये 'डिटेल' जास्त, ओपनमध्ये 'साउंडस्टेज' मोठं. दोन्ही जरा तपासून बघू.

तपासायला लांब जायची गरज नाही, कारण मी राहते त्या ओटावातच या विषयाचा पाया घातला गेलाय. इथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या एडगर शॉ यांनी १९७४ मध्ये १२ अभ्यासांमधली, ५ देशांतल्या १०० माणसांच्या कानांची मोजमापं एकत्र मांडली. समोरून आलेला आवाज पडद्यापर्यंत पोचेस्तोवर कान त्याचं काय करतो, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं की कान बरंच काही करतो. पाळीच्या घड्या आणि कानाची जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी मिळून ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे १५ डेसिबलनं उचलतात. जन्मापासून आपण जग असंच ऐकतो, म्हणून ते आपल्याला 'सपाट' वाटतं.

खरा फरक इथे आहे. ओपन हेडफोन तुमच्या पाळीला तिचं काम करू देतो. इन-इअर तिला रजेवर पाठवतो आणि तिच्या जागी सरासरी माणसाची पाळी बसवतो. तुमचा कान सरासरीच्या जवळ असेल तर सोनं. नसेल तर एखादा स्वर उगाच टोचतो, आणि आपण दोष रेकॉर्डिंगला देतो. बोंड किती आत गेलं यावरही ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा मागेपुढे सरकतो. बोंड नीट बसलं नाही तर खर्ज गळून जातो. म्हणून इन-इअरला नावं ठेवण्याआधी बोंडांचे तिन्ही साइज लावून बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

याच संस्थेत फ्लॉइड टूल आणि पुढे शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकरच्या 'अंध' चाचण्या घेतल्या. ब्रँड दिसत नसला की लोकांची मतं किती जुळतात, ते दाखवून दिलं. नंतर दोघे हार्मन कंपनीत गेले. ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेडफोनसाठीही तेच केलं. चांगल्या खोलीतले चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, तसा हेडफोन असावा, हा त्यामागचा विचार. त्यांच्या २०१४ च्या अभ्यासात कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन या ४ देशांतले २३८ श्रोते होते. भारत यादीत नाही. हे वाचून माझ्यातली मराठी माणूस आधी खवळली. पण निष्कर्ष वाचल्यावर गप्प बसले: देश बदलला तरी पसंती फारशी बदलत नव्हती. 'आपला कानच वेगळा' हा युक्तिवाद मला तरी पुढे रेटता येत नाही.

किमतीचं म्हणाल तर येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. कोणती वारंवारता किती जोरात वाजते, याचा आणि दुकानातल्या किमतीचा त्यांना काही संबंध सापडला नाही. म्हणजे स्टायपेंडवर जगणाऱ्यांनी न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. नीट जुळवलेला स्वस्त इन-इअर महागड्या ओपन हेडफोनसमोर मान खाली घालत नाही. माझ्या जुन्या उत्तरातलं हे अर्धं मी ठेवतेय.

आता 'डिटेल'. कुमार गंधर्वांचं जुनं रेकॉर्डिंग मी दोन्हींवर ऐकलं. इन-इअरवर दोन तानांमधला श्वास, मागची कुजबुज, टेपची खरखर, सगळं पुढे आलं. पण हे यंत्राचं कौतुक की शांततेचं? बोंडानं माझा फ्रिज आणि हीटर बंद केला, म्हणून श्वास ऐकू आला. रात्री हीटर थांबल्यावर ओपनवरही तोच श्वास होता. ज्याला आपण डिटेल म्हणतो, त्यातला मोठा भाग म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी होणं.

'साउंडस्टेज'चंही तसंच. ओपन हेडफोन आवाज डोक्याबाहेर नेतो असं म्हणतात, आणि चांगल्या स्टिरिओ रेकॉर्डिंगवर मलाही थोडं तसं जाणवतं. पण आपल्या फोल्डरमधल्या कितीतरी मैफिली मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच आवाज. गायक कपाळामागे बसणार, तंबोरेही तिथेच. जे रेकॉर्डिंगमध्ये नाही ते कितीही पैसे टाकून मिळत नाही.

मग ओपन हेडफोन हवाच कशाला? याचं उत्तर मला ऐकताना नाही, गाताना मिळालं.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा रियाज सुरू केला. सकाळी ६ वाजता, बाहेर उणे २०, रूममेट झोपलेली. तानपुऱ्याचं ॲप इन-इअरमध्ये लावायचं आणि हळू आवाजात षड्ज धरायचा. दोन महिन्यांत वाटायला लागलं की आपला खर्ज काय भरलाय! छातीत घुमतोय नुसता. मोठ्या ऐटीत ताईंना व्हिडिओ कॉलवर ऐकवलं. त्या मिनिटभर ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, आवाज इतका दाबतेस का? घरात कुणी आजारी आहे का?"

ज्यावर मी खूश होते तो घुमारा बोंडाचा होता. कान बंद केला की आपल्या हाडांतून नळीत आलेला आवाज बाहेर पडू शकत नाही, आत साठतो. खालच्या स्वरांत ही वाढ २० डेसिबलपर्यंत जाऊ शकते. आत्ता दोन्ही कानांत बोटं घालून 'सा' लावून बघा, लगेच कळेल. आपला आवाज फुकटात भरदार ऐकू आला की गळा कष्ट घेणं सोडतो. मी दोन महिने आवाज लावायला नाही, झाकायला शिकत होते.

आणि तंबोऱ्याचंही नुकसान झालंच. जवारीतला दोरा नीट बसला की एकाच तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. भौतिकशास्त्राच्या साध्या नियमानं जे उपस्वर वाजायलाच नकोत तेही तंबोऱ्यात वाजतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलंय. गाणारा त्या उपस्वरांत आपला स्वर मिसळून बघतो. त्यासाठी तंबोरा आणि गळा एकाच हवेत भेटावे लागतात. इन-इअरमध्ये तंबोरा नळीतून येतो, गळा हाडांतून, आणि हवेतली त्यांची भेट होतच नाही. गवई कानावर हात धरतात तो आपलाच आवाज हवेतून कानाकडे वळवायला. कानात बोट घालून कुणी रियाज केल्याचं मी पाहिलेलं नाही.

ओपन हेडफोनवर ही भेट होते. जाळीतून माझा आवाज आत येतो, तंबोरा शेजारी बसतो, आणि षड्ज जरा उतरला तर लगेच पकडला जातो. पहिल्या दिवशी माझा आवाज मला इतका बारीक वाटला की रडू यायचं बाकी होतं. पण तो माझा होता.

म्हणून माझं सुधारलेलं उत्तर. फक्त ऐकायचं असेल, बसमध्ये, लॅबमध्ये, गोंगाटात, तर इन-इअरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित, आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा. गोंगाटात ओपन हेडफोन वापरलात तर आवाज चढवत जाल आणि कान गमावून बसाल. पण गात असाल, गायला शिकत असाल, निदान ऐकता ऐकता गुणगुणत असाल, तर ओपन हेडफोन घ्या, आणि क्वालिटीचा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तुमचा स्वतःचा आवाज ज्यातून खरा ऐकू येतो तोच तिथे चांगला.

राहता राहिली रूममेट. तिला मी सगळं सांगितलं. आता रियाज साडेसातला असतो.