‘सर्व्हर डाऊन’ हे निदान नव्हे

अकरावी प्रवेशाचे राज्यव्यापी संकेतस्थळ २१ मे २०२५ रोजी, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी कोलमडले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. अशा वेळी विद्यार्थी-शिक्षकांची बोळवण ‘तांत्रिक अडचण’ या शब्दांवर होते. आमचा आक्षेप या शब्दांना आहे. त्यांच्याआड निरनिराळे बिघाड झाकले जातात.

नाशिकचा द्वारका चौक घ्या. मुंबई-आग्रा महामार्ग व पुणे रस्ता तेथे मिळतात. जवळच्या गोदामातून माल आला नाही, तर गोदाम उघडलेच नसेल, पहारेकऱ्याने पावती नाकारली असेल किंवा गाडी कोंडीत अडकली असेल. डेटाबेस सर्व्हरचेही तसेच. डिस्क भरली असेल तर तो बहुधा सुरूच होत नाही. सुरू असला तरी पासवर्ड चुकल्यास दार उघडत नाही. आणि एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा (मायएसक्यूएलमध्ये मुळात १५१) संपली, तर अचूक पासवर्डही उपयोगी पडत नाही.

एसक्यूएल सर्व्हर प्रवेश नाकारताना १८४५६ हा क्रमांक दाखवतो. नाव चुकले की पासवर्ड, हे सांगत नाही. चोराला सुगावा लागू नये म्हणून हे योग्यच. परंतु खरे कारण सर्व्हरच्या नोंदवहीत उतरलेले असते: ५ म्हणजे नाव नाही, ८ म्हणजे पासवर्ड चूक.

म्हणजे कारण कळू शकते. ते वाचून सांगायला हवे. गर्दी असेल तर पुन्हापुन्हा प्रयत्न केल्याने कोंडी वाढते, पासवर्ड चुकला असेल तर थांबणे व्यर्थ. मुदत संपत आलेल्या विद्यार्थ्याला यांतले काय करावे, एवढे तरी कळलेच पाहिजे.