माल्कमचं पुस्तक वाचताना

इंदुरात अहिल्याबाईंवर भाषण झालं की जॉन माल्कम हटकून येतो. 'इंग्रजसुद्धा त्यांना मानत', हा आपला आवडता पुरावा. १८२३ साली निघालेल्या त्याच्या 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया'तला अहिल्याबाईंचा भाग खरोखर उत्तम आहे. ऐकीव स्तुतीवर न थांबता त्याने माणसांना विचारून खात्री करून घेतली. पण त्या भरवशावर आपण उरलेलं पुस्तकही तसंच मान्य करतो, तिथे माझी हरकत आहे.

पुस्तकाचा एकूण सूर असा की मराठे आपसांत भांडले, माळव्यात बेबंदशाही माजली, मग कंपनीने शांतता आणली. भांडणं खरीच. यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ ला पुण्याची लढाई जिंकली. पळालेल्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसईचा तह केला. १८०३ मध्ये शिंदे-भोसले लढले तेव्हा यशवंतराव बाजूला राहिले. १८०४ मध्ये ते स्वतः उतरले, तोवर त्या दोघांचे तह होऊन गेले होते. भरतपूरचा राजा सोबत आला, पण एप्रिल १८०५ मध्ये त्यानेही तह केला.

आता तह करवून घेणारा कोण, तेही बघा. फेब्रुवारी १८०४ मध्ये बऱ्हाणपूरला शिंद्यांशी, डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटला यशवंतरावांशी, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरला बाल मल्हाररावांच्या दरबाराशी. तिन्ही ठिकाणी माल्कमच. महिदपूरच्या लढाईतही तो होता. म्हणजे हा नुसता साक्षीदार नाही, पक्षकार आहे.

मंदसोरच्या तहात खानदेश गेला, राजपूत राज्यांवरचे हक्क गेले. पण मला सगळ्यात जड वाटते ती दुसरीच अट: कंपनीच्या रेसिडेंटच्या संमतीशिवाय होळकरांनी इतर राज्यांशी व्यवहार ठेवायचा नाही. माझ्यातला इंजिनीअर म्हणतो, सगळ्या तारा एकाच पॅनेलला जोडल्या आणि आपसांतली जोडणी काढून टाकली. एकजूट वकिलांच्या जाण्यायेण्याने, पत्रांनी, वर्षानुवर्षांच्या देण्याघेण्याने बनते. भांडणांनी ते धागे सैल झाले होते. एकेकाशी वेगळा तह करून ते कापले गेले. पहिला अर्धा भाग आपला दोष, तो कबूल करू. दुसरा अर्धा माल्कमच्या हातचा आहे, आणि तो त्याला शांतता म्हणतो.

त्या तहानंतरच इंदूर राजधानी झालं आणि रेसिडेन्सीही इथे आली. माल्कम जरूर वाचा, मंडळी. फक्त मंदसोरची कलमं शेजारी ठेवून वाचा.